सुपारीएवढं लोखंड

पुण्याहून सकाळची गाडी पकडली तेव्हा समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी विचारलं, "देवीला का?" कोल्हापूरला निघालेली एकटी, पन्नाशीची बाई म्हणजे देवीलाच, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, "पंपाला." त्यावर ते मिरजेपर्यंत काही बोलले नाहीत.

खोटं बोलले नव्हते. समुद्रकाठच्या एका सड्यावर (कातळाच्या माळावर) नवी अणुभट्टी व्हायची आहे. आज तिथे सपाट केलेली जमीन, पत्र्याच्या दोन शेड आणि वाऱ्याने वाकलेली एक पाटी एवढंच आहे. भट्टी उभी राहायला कितीतरी वर्षं जातील. पण तिला गार ठेवणारे पंप, झडपा, नळ्या यांची जमवाजमव आत्तापासूनच करावी लागते. लग्न ठरायच्या आधी भांडी घेऊन ठेवावीत तसा हा प्रकार. त्यातल्या एका पंपाचं पोलादी कवच कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ओतायचं होतं आणि ते नीट ओतलं जातं की नाही हे बघायला मी निघाले होते. बावीस वर्षं मी हेच करते. गावोगाव जाते, लोकांच्या वह्या वाचते आणि त्यांचा चहा पिते. लोक विचारतात, तुम्ही अणुभट्टीच्या बाजूच्या की विरोधातल्या? मी पंपाच्या बाजूची. पंप फुटला तर दोघांचंही वाटोळं होईल, म्हणून तो फुटू नये एवढंच मला बघायचं असतं.

हा पहिला नमुना होता. नमुना पास झाला तर या फौंड्रीला अणुभट्टीच्या सगळ्या पंपांचं काम मिळणार, नापास झाला तर यादीतून नाव कटणार आणि परराज्यातली दुसरी फौंड्री रांगेत उभीच होती. एक नमुना, एक संधी. फौंड्रीचे मालक अजितराव यांनी फोनवर मला हे तीनदा सांगितलं होतं, जणू नियम मीच केला होता.

"म्याडम, तुमी हातकणंगल्याला उतरा. तिथनं आमी जवळ." हेही त्यांनीच सांगितलं. मी हातकणंगल्याला उतरले. स्टेशनाबाहेर गाडी नव्हती. चिंचेखाली एक कुत्रं आणि एक रसवंती. फोन लावला तर कळलं की गाडी कोल्हापूर स्टेशनावर उभी आहे. एवढ्या मोठ्या कामाची बाई हातकणंगल्यासारख्या लहान स्टेशनावर उतरेल हे ड्रायव्हरला पटलंच नव्हतं. मालकापेक्षा त्याने स्वतःच्या डोक्यावर जास्त विश्वास ठेवला. या गावाचा हा स्वभाव आहे हे मला पुढे नीटच समजायचं होतं.

मग वडाप (माणसं भरली की सुटणारी खासगी गाडी) केली. नऊ जणांच्या गाडीत आम्ही तेरा. जानेवारीचे दिवस, कारखाने जोरात चालू. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टरवर कानठळ्या बसवणारं गाणं. हवेत मळीचा आंबूस वास. मांडीवर कोंबडीची डालगी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने मला निरखून विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?"

"पुण्याची."

"आन् काय काम काढलंसा?"

मी सांगितलं. कोंबडीसुद्धा गप्प बसली.

"बॉम्बचं म्हणा की," म्हातारा म्हणाला.

"नाही हो आजोबा, विजेचं."

"ईज हुईल तवा हुईल. आमच्याकडं रातीची देत्यात शेताला. ती दिवसा द्याला सांगा तेवढी." बाकीच्या अकरा जणांनी माना डोलावल्या. अणुऊर्जेवरचा मी ऐकलेला हा सगळ्यात आटोपशीर परिसंवाद होता.

फौंड्री शिरोलीच्या बाजूला, महामार्गापासून आत. बाहेर काळी वाळू, आत काळी माणसं, आणि ऑफिसात मात्र पांढऱ्याशुभ्र कव्हरांच्या खुर्च्या. अजितराव चाळिशीचे, गोरेगोमटे, बोलताना सारखे मनगटावरचं घड्याळ फिरवणारे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मालकांनी, शेतावरच्या पाण्याच्या इंजिनांची चाकं ओतून हा कारखाना उभा केला. आता इंजिनं गेली, विजेच्या मोटारी आल्या, बाहेरच्या गाड्यांचं काम कमी होत चाललं. अजितरावांनी या एका नमुन्यासाठी धातू वितळवायची नवीन भट्टी आणली होती. तिचा रंगही अजून नवा होता. "ह्ये झालं तर पोरं टिकत्यात," ते म्हणाले. पोरं म्हणजे चाळीस कामगार. त्यातले निम्मे माझ्या वयाचे होते.

साच्याजवळ दादू मिस्त्री उकिडवे बसले होते. साठी कधीच ओलांडलेली, भुवया भाजून गेलेल्या, हातातल्या करणीने वाळू थापत होते. नव्या लग्नाच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा तशी. थोरल्या मालकांनी त्यांना मिसरूड फुटायच्या आत कामाला लावलं होतं. या फौंड्रीत त्यांनी "ओता" म्हटल्याशिवाय रस (वितळलेला धातू) हलत नाही.

मी त्यांना वही दिली. जाड पुठ्ठ्याची, पानांवर नंबर छापलेले. नेहमीचं भाषण केलं. या अणुभट्टीच्या कामात वहीला धातूएवढीच किंमत आहे, भट्टीत जे जाईल ते लिहायचं, वेळ लिहायची, चुकलं तर तेही लिहायचं, खाडाखोड चालत नाही.

"सगळं?" मिस्त्रींनी विचारलं.

"सगळं. माशी पडली तरी."

"माशी न्हाय पडत ओ. लांबनंच जळून जाती," मिस्त्री म्हणाले आणि परत वाळूकडे वळले. हा माणूस मला आवडला. पण आवडण्याचा माझ्या कामाशी संबंध नसतो, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

आता माझी गोष्ट. रविवारी सकाळी सातला भट्टीत भार (वितळवायचा माल) भरायचा होता. तो भरताना तपासनिसाने समोर उभं राहायचं, प्रत्येक तुकड्याचं वजन आणि प्रमाणपत्र बघायचं, हा नियम. मी साडेसहाला लॉजवरून निघाले. वाटेत ड्रायव्हर म्हणाला, "म्याडम, कोल्हापुरात आलासा आन् मिसळ न्हाय खाल्ली, तर आमचं मालक माजं डोकं फोडत्यात." दुकानाबाहेर सकाळीसुद्धा रांग. दहा मिनिटं म्हणता म्हणता आम्ही आत गेलो. पाव नाही, स्लाइस. वर तर्रीचा लाल थर. मी शहाणपणा करून "कट (तिखट रस्सा) जास्त" म्हणाले. पहिल्या घासाला कानशिलं तापली, दुसऱ्याला उचकी लागली, तिसऱ्याला डोळ्यांतून धारा. शेजारच्या टेबलावरची बाई दोन मुलींना घेऊन तोच कट पाण्यासारखा पीत होती. तिने मला दही मागवून दिलं आणि म्हणाली, "दमानं खावा बाई, काय पळतंय काय?" पळत होतं घड्याळ. फौंड्रीत पोचले तेव्हा आठला दहा मिनिटं कमी होती.

भट्टीत माल लाल होऊन खाली बसला होता. नारळ फुटला होता, उदबत्ती विझत आली होती. अजितराव धावत पुढे आले.

"भरला भार?" मी उचकी आवरत विचारलं.

"भरला न्हवं. गरॅम टू गरॅम वजन केलंय म्याडम. तुमी निवांत बसा, पाणी घ्या."

घरी आलेल्या पाहुण्याला "तुम्ही उशिरा आलात" असं कोल्हापुरात कोणी म्हणत नाही. ते म्हणाले नाहीत आणि मीही म्हटलं नाही. प्रमाणपत्रं बघितली, ती बरोबर होती. माझ्या स्वतःच्या तपासणीच्या कागदावर एक रकाना असतो: भार भरताना तपासनीस हजर. तिथे मी "होय" लिहिलं. हाताला सवय असते. पन्नास मिनिटांनी काय बिघडतं, असं मनात आलंच नाही इतक्या सहज लिहिलं.

ओत मात्र सुंदर झाला. मिस्त्रींनी हात वर केला, सगळे थांबले. त्यांनी रसाकडे पाहिलं, कुठल्या मापकाकडे नाही, आणि म्हणाले, "आता." पांढरा रस साच्यात उतरला तेव्हा चाळीस माणसांपैकी कोणी खोकलंसुद्धा नाही. रसाचं रसायन तपासलं, आकडे अगदी हवे तिथे. अजितरावांनी घड्याळ फिरवायचं थांबवलं. मिस्त्रींनी भिंतीला टेकून वही लिहिली. माझे डोळे अजून चुरचुरत होते, म्हणून वही मंगळवारी निवांत वाचेन म्हटलं, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. किल्ली माझ्याकडेच असावी हाही नियमच. तो मात्र मी पाळला.

कवच साच्यात गार व्हायला वेळ लागतो. शिवाय सोमवार इथल्या कारखान्यांच्या सुट्टीचा. मी म्हटलं, रंकाळ्यावर बसेन. पण मिस्त्री म्हणाले, "रंकाळा काय पळून जाईत न्हाय. आमच्याकडं चला. पावणं येऊन जेवल्याबिगर गेलं म्हंजी काय?" त्यांचं घर आजऱ्याच्या पुढे, चंदगडच्या दिशेला. आठवडाभर ते फौंड्रीजवळच्या खोलीत राहतात आणि सोमवारी घरी जातात. मी गेले. फुकटचा प्रवास आणि घरचं जेवण, एवढ्यावर मी आजवर पुष्कळ चुका केल्या आहेत.

एस.टी. निपाणीवरून उत्तूरला वळली की रस्त्याची तऱ्हा बदलते. ऊस मागे पडतो, डोंगर जवळ येतात, माती तांबडी होते. वावरांत भाताची कापलेली धाटं, मध्येच काजूच्या बागा, मोहोर नुकता धरलेला. आजऱ्यात उतरलो तर काजू भाजल्याचा जळकट, तेलकट वास नाकात बसला. एका शेडच्या दारात बायका ओळीने बसून काजू फोडत होत्या. बोटं काळी पडलेली, तोंडं चालू. त्यातल्या एकीने मिस्त्रींना हाक मारून विचारलं, "आण्णा, कोण म्हणायचं ह्या?"

"ईज तयार करत्यात."

"मग आमच्या शेडातला दिवा लावायला सांगा की," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तिथून पुढे तिघांच्या रिक्षेत सहा जण बसून आम्ही घरी पोचलो.

मिस्त्रींच्या बायकोला सगळी वाडी अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हटलं. कडेवर कळशी घेऊन आल्या, माझ्या पायावर पाणी घातलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "सोमवार हाय म्हणून कोंबडी वाचली बघा." ताटात घनसाळ तांदळाचा भात होता. या भागातला हा बारीक सुवासिक तांदूळ शिजतो तेव्हा तिसऱ्या घरात कळतं. नाचणीची भाकरी, वरण्याची (इथल्या एका कडधान्याची) उसळ, म्हशीचं दही असं की चमचा उभा राहावा. मी तीनदा भात घेतला. माझ्या घरात मला कोणी इतकं आग्रहाने जेवायला घालत नाही, हे तेव्हा वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.

जेवून मिस्त्री म्हशीला पाणी दाखवायला मागच्या दारी गेले. मी हात पुसत देवघराशी उभी होते. देवांच्या शेजारी, पाटावर, हळद लावलेला एक ओबडधोबड लोखंडाचा गोळा होता. नारळाएवढा, कडा छन्नीने तासलेल्या.

"हे काय, अक्का?"

"त्ये व्हय? विरजण म्हणत्यात ह्ये त्याला." अक्का हसल्या. "थोरल्या मालकांनी पैल्यांदा इंजनाचं चाक ओतलं न्हवं, त्ये तडकलं. मोडीत घालू दिलं न्हाय त्यांनी. त्यातला ह्यो तुकडा ह्यास्नी दिला, म्हणालं, दादू, आपलं पयलं चुकल्यालं हाय, इसरायचं न्हाय. तवापासनं कुठलंबी नवं काम असलं की ह्यातला सुपारीएवढा काढत्यात आन् भट्टीत टाकत्यात. दह्याला कसं जुनं विरजण लागतंय, तसं."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "आणि या वेळी?"

"न्हेला की. तुमच्या कामाला न्हेणार न्हाईत? गेल्या सोमवारीच काढून न्हेला."

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांना वाटेल, टनभर पोलादात सुपारीएवढं लोखंड, एवढं काय? रसायनात ते दिसलंही नव्हतं. मजबुतीलाही बहुधा काही होणार नव्हतं. पण अणुभट्टीच्या कामात जे काही वितळतं त्याचा जन्म माहीत असावा लागतो. कुठली खाण, कुठली भट्टी, कुठली तारीख. ज्याचा पत्ता सांगता येत नाही असा एक कणही आत चालत नाही, कारण एकदा अणुभट्टी सुरू झाली की त्या पंपाजवळ जाऊन "तू कोणाचा रे?" असं विचारता येत नाही. नमुना नापास झाला होता, साच्यात असतानाच. हे जगात फक्त मला माहीत होतं; मिस्त्रींना आणि अक्कांना माहीत असून माहीत नव्हतं.

पण खरी धास्ती दुसरी होती. त्यांनी हे वहीत लिहिलं असेल का? लिहिलं असेल तर ती चूक. नसेल तर ती लपवाछपवी, आणि लपवणाऱ्या फौंड्रीचं नाव कायमचं जातं. मग अजितराव गेले, नवी भट्टी गेली, चाळीस माणसं गेली, आणि हे सगळं मी त्यांच्या चुलीपुढे तीनदा भात घेऊन करणार. वही कपाटात आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. मिस्त्री आत आले. मी विचारू शकले असते. विचारलं नाही. विचारलं आणि ते "न्हाय लिवलं" म्हणाले तर पुढचं मला ऐकवलं नसतं. भित्रेपणाच तो, दुसरं नाव देत नाही.

दुपारच्या गाडीने परत निघाले. मिस्त्री मुक्कामाला राहिले, सकाळच्या पहिल्या गाडीने येणार होते. अक्कांनी घनसाळचे तांदूळ पिशवीत बांधून दिले. नियमाप्रमाणे मला कोणाकडून काही घेता येत नाही. नको म्हटलं तर म्हणाल्या, "घ्या ओ, लाच न्हाय ती, भात हाय." मी पिशवी गाडीत शेजारी बसलेल्या बाईंना दिली. त्यांनी कारणही विचारलं नाही, लगेच घेतली.

मंगळवारी साचा फोडला. वाळू झटकली तसं कवच बाहेर आलं. एक खड्डा नाही, एक तडा नाही. अजितराव त्याच्याभोवती दोनदा फिरले. "म्याडम, काय म्हणतासा?"

"वही बघू," मी म्हटलं.

ऑफिसात अजितराव, मिस्त्री आणि मी. कुलूप उघडताना किल्ली एकदा चुकीची लागली. पान उघडलं. मिस्त्रींचं अक्षर म्हणजे कोंबडीने वाळू उकरावी तसं. पण वाचता आलं. मालाची यादी, वजनं, आणि त्याखाली:

"सात वाजता भार भरला. म्याडम आल्या न्हवत्या. सुपारीएवढा जुना तुकडा घातला, थोरल्या मालकांचा. आठला धा कमी, म्याडम आल्या."

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांदा तो तिथून उडाला.

अजितरावांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि खुर्चीत बसले. "दादू काका, ह्ये काय केलंसा ओ?" त्यांचा आवाज फाटला. "आवो एवढी वर्सं लोखंडात चालतंय म्हणून ह्यातबी?"

"नवं काम. विरजण न्हाय घालायचं?" मिस्त्री खरोखर गोंधळले होते. माझ्याकडे वळले. "तुमी म्हणालासा, जे घालाल त्ये लिवा. लिवलं की. घालू नगा म्हणाला न्हाईसा."

हे खरं होतं. प्रमाणपत्र नसलेलं काही भट्टीत घालू नये, हे सांगावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि भार भरताना मी तिथे असते तर तो तुकडा त्यांच्या हातातच थांबला असता. मी मिसळ खात होते.

अजितरावांनी दार लावलं. परत आले आणि हळू आवाजात बोलले. त्या घटकेचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. भीक मागण्याची सवय नसलेल्या माणसाचा चेहरा होता तो. "म्याडम, दोन ओळी हायत. एक आमची, एक तुमची. तसाच नंबर छापून पान बदलतो. तुमास्नीबी तरास न्हाय, आमास्नीबी न्हाय. कवच बघितलंसा की तुमी. काय खोट हाय त्यात?"

खोट काहीच नव्हती. आणि माझ्या कागदावर "होय" होतं. वहीत ती ओळ राहिली तर मी खोटी ठरत होते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या वाचून नाकं मुरडली, आणि पहिल्यांदा एका वहीत माझं नाव होतं. खरं सांगते, क्षणभर मला पान बदलावंसं वाटलं. क्षणभर नव्हे, चांगलं मिनिटभर.

"बदलायचं न्हाय," मिस्त्री म्हणाले. मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात. "घातलं तर घातलं. थोरलं मालक असतं तर कानफटात मारली असती. दोनदा. एक घातलं म्हणून, एक खोडलं म्हणून." मग माझ्याकडे बघून, काही राग न ठेवता, "आन् म्याडम, तुमी उशिराच आलतासा की. त्यात लाजायचं काय हाय? मिसळ तशीच हाय ती."

मी पेन काढलं. माझ्या कागदावरच्या "होय"वर एक रेघ मारली, शेजारी "नाही, पन्नास मिनिटं उशीर" लिहिलं आणि सही केली. मग नमुन्याच्या रकान्यात "नापास". अजितराव उठून बाहेर गेले. मिस्त्रींनी कवचावर लाल रंगाची फुली स्वतः मारली, पोराला मारू दिली नाही. रंग वाळेपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिले. मी नमस्कार करून निघाले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. कोल्हापुरात न बोललेला निरोप मला तेवढा एकच मिळाला.

परतीच्या गाडीत मी अहवाल लिहिला. पंचगंगेच्या पुलावरून धूर दिसत होता, गुऱ्हाळाचा की चिमणीचा कोण जाणे. अहवालात सगळं होतं: तुकडा, उशीर, पान बदलायचा मोह आणि ते न बदलणं. शेवटी एवढंच लिहिलं की ही चूक आपल्या कुठल्याही यंत्राला सापडली नसती, ती त्यांनी सांगितली. यांना दुसरा ओत द्यावा. आणि खाली माझ्याबद्दल काय करायचं ते ठरवावं.

माझ्या वरच्यांनी ते लगेच ठरवलं. पंपाचं काम माझ्याकडून काढलं आणि मला सड्यावरच्या कुंपणाची तार तपासायला दिली. तार बरी आहे. वेळेवर पोचते मी हल्ली. प्रवास पुष्कळ झाले आयुष्यात, पण परत येताना आपण जाताना होतो त्यापेक्षा जरा लहान होऊन परत आलो, असा हा पहिलाच. त्याचं वाईट वाटत नाही. उगाच फुगले होते.

महिन्याभराने फोन आला. पलीकडे भट्टीचा आवाज आणि त्यावर ओरडणारे मिस्त्री.

"म्याडम! दुसरा वत झाला! पास झाला ओ!"

मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला. अजितराव कसे आहेत विचारलं. "पोरांस्नी पेढं वाटाय लागल्यात," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ती ईजेची भट्टी चालू कवा हुणार?"

मी अंदाज सांगितला.

"म्हंजी तवा मी नसणार."

"मीही नोकरीत नसेन, मिस्त्री."

"आन् वही? ती असणार?"

"ती ठेवावीच लागते. अणुभट्टी चालू आहे तोवर. त्यानंतरही बरीच वर्षं."

मग दादू मिस्त्री म्हणाले, "आधी सांगाय न्हाय व्हय? अक्षार जरा बरं काढलं असतं."